अग्बेबीची शाळा
(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



नायजेरियाच्या नैर्ऋत्येला इबादान, इले-इफे, ओशोग्बो, लागोस या पट्ट्यात योरुबा लोक राहतात. त्यांच्या सुइणीला अग्बेबी म्हणतात. ती निरक्षर असेल, पण अशिक्षित नसते. तिचे शिक्षण कसे होते, त्यात भक्कम काय आणि उणे काय, एवढेच आज मांडणार आहे.

गुरू बहुधा आई, आजी किंवा सासू. घरात कोणी नसेल, तर दुसऱ्या अग्बेबीच्या हाताखाली राहायचे. सुरुवात वरकामापासून: पाणी तापवणे, पाला आणि साली ओळखणे, अग्बो हा काढा उकळणे. मग गरोदर बाईचे पोट चोळायला शिकायचे. बाळाचे डोके कुठे आहे ते हळूहळू बोटांनाच कळू लागते. सोबत मंत्र पाठ करायचे, ओशुन या नदीदेवतेची आळवणी करायची. औषध वेगळे आणि मंत्र वेगळा, असे इथे कोणी मानत नाही. पुढे ख्रिस्ती अग्बेबींनी मंत्रांच्या जागी प्रार्थना आणली. १९३० मध्ये इलेशा इथे जोसेफ बाबालोला यांच्याभोवती जी धर्मजागृती झाली, तिच्यातून उभ्या राहिलेल्या क्राइस्ट अपोस्टॉलिक चर्चने स्वतःची प्रसूतिगृहे काढली आणि सुइणीही तयार केल्या.

या शिक्षणाची नजर किती बारीक होती, ते योरुबा नावांवरून दिसते. पायाळू मूल इगे. नाळ मानेभोवती घेऊन आलेला मुलगा ओजो, मुलगी ऐना. पालथे जन्मलेले अजायी. जुळी ताइवो आणि केहिंदे. जुळ्यांचे प्रमाण योरुबांमध्ये जगात सर्वाधिक असणाऱ्यांत मोडते. डॉक्टर ज्यांना अवघड म्हणतील, त्यांतल्या बऱ्याच बाळंतपणांची नोंद माणसाच्या नावातच झाली आहे.

पण श्रोतेहो, ही नोंद जगलेल्यांची आहे. दगावलेल्यांचे काय? एकाच आईची मुले एकामागून एक गेली, की योरुबा परंपरा म्हणते, हे अबिकू, म्हणजे पुन्हापुन्हा जन्म घेऊन परत जाणारे एकच मूल. आज अशा कित्येक मृत्यूंमागे सिकलसेल हा आनुवंशिक आजार असावा असे वैद्यक मानते. दुःख सोसायला अबिकूची कल्पना आधार देत असेल, पण तिने मृत्यूचा प्रश्न मिटवून टाकला. चूक झाली असेल, तर ती शिष्येच्या धड्यात परत आलीच नाही. माझ्या मते या शाळेचे खरे उणेपण इथे आहे. ज्ञान पुष्कळ होते, अपयशाची वही नव्हती.

१९७०च्या दशकापासून जागतिक आरोग्य संघटनेने पारंपरिक सुइणींच्या प्रशिक्षणाचा पुरस्कार केला. आपल्याकडचे दाई-प्रशिक्षणही त्याच काळात वाढले. स्वच्छ हात, नवे पाते, नाळेची काळजी हे धडे मोलाचे; नवजात बाळाचा धनुर्वात त्यांनी टळतो. आई मात्र रक्तस्रावाने, झटक्यांनी, अडलेल्या बाळंतपणाने जाते. तिथे रक्त, औषध आणि शस्त्रक्रिया लागते. ती काही दिवसांच्या वर्गात हातात देता येत नाही. म्हणूनच १९९०च्या दशकाअखेर धोरणाचा रोख कुशल प्रसूतिसेवकांकडे वळला. तरीही २०१८च्या राष्ट्रीय पाहणीनुसार नायजेरियात १ लाख जिवंत जन्मांमागे ५१२ मातामृत्यू होते.

योरुबा राज्यांनी दोन वाटा काढल्या. लागोसच्या पारंपरिक वैद्यक मंडळाने अग्बेबींची नोंदणी करून त्यांना प्रशिक्षण दिले. ओंडो राज्याने २०१४ मध्ये ‘अग्बेबिये’ योजना आणली: बाईला सरकारी दवाखान्यात पाठवणाऱ्या अग्बेबीला मोबदला, शिवाय साबण बनवण्यासारखा पर्यायी धंदा. लागोसने तिला सुईण ठेवले, ओंडोने तिला हळूहळू सुईणपणातून सोडवले.

जिथे दवाखाना जवळ आहे, तिथे मला ओंडोची वाट पटते. पण बाईला सोबत घेऊन आलेल्या अग्बेबीला दारातच हिणवले, तर पुढच्या वेळी ती उशिरा येईल किंवा येणारच नाही. तेव्हा तिला दोनच गोष्टी शिकवा: प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू लिहून ठेवणे किंवा लिहवून घेणे, आणि वेळेवर निघणे. तिसरा धडा दवाखान्याने शिकायचा आहे: तिने वाटेत सांगितलेली हकिकत केसपेपरवर उतरवून घेण्याचा.