आधीं वितरणाचें जाळें, मग भाराची वांटणी

मुंबई शहराला पाणी पुरविणारा तानसा तलाव ठाणे जिल्ह्यांत, शहापूर तालुक्यांत आहे. त्याचें बांधकाम १८९२ सालीं पुरें झालें. पहांटे शहरांतील लाखों नळ एकाच सुमारास उघडतात, तेव्हां त्यांची मागणी थेट तानसाच्या बांधावर जाऊन थडकत नाहीं. मलबार टेकडी, भंडारवाडा अशा ठिकाणीं, वस्तीच्या जवळ, जलाशय बांधलेले आहेत. नळाला पाणी मिळतें तें या जवळच्या सांठ्यांतून. तलाव कितीहि मोठा असला तरी त्यानें दुरून प्रत्येक नळाशीं स्वतः व्यवहार करावा, अशी योजना कोणताहि शहाणा अभियंता करणार नाहीं.

इंटरनेटवरून लाखों लोकांची सेवा करणाऱ्या संस्थांनाहि हाच विचार करावा लागतो. त्यांच्या हाताशीं दोन साधनें असतात. पहिलें लोड बॅलन्सर, म्हणजे भार वांटून देणारें यंत्र. एका सर्व्हरनें काम भागेनासें झालें, म्हणजे संस्था अनेक सर्व्हर ठेवते व त्यांच्या दाराशीं हें यंत्र बसविते. आलेली मागणी घ्यावयाची, कोणता सर्व्हर मोकळा आहे व कोणता बंद पडला आहे हें पाहावयाचें, आणि ती मागणी योग्य त्या सर्व्हरच्या हवालीं करावयाची, एवढें त्याचें काम. तें काम हें यंत्र चोख करतें. परंतु काम वांटल्यानें कमी होत नाहीं. दहा हजार लोकांनीं एकच चित्र मागितलें, तर तें दहा हजार वेळां द्यावेंच लागतें.

दुसरें साधन कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, अथवा संक्षेपानें सीडीएन. हें अनेक शहरांत पसरलेल्या सर्व्हरांचें जाळें असतें. संस्थेच्या मूळ सर्व्हरवरील चित्रें, पानें, चलच्चित्रांचे तुकडे यांच्या प्रती तें जवळ ठेवतें आणि मागणाराला सर्वांत जवळच्या ठाण्यावरून देतें. या दोन साधनांपैकीं पुढें कोणतें असावें व मागें कोणतें, या प्रश्नाचें उत्तर सोपें दिसतें. पण त्यावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें.

या जाळ्याचा उगम अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत झाला. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनीं १९९५ च्या सुमारास आपल्या सहकाऱ्यांपुढें वेबवरील गर्दीचा प्रश्न मांडला. गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन यांनीं तो हातीं घेतला, व त्यांचा विद्यार्थी डॅनियल लुइन त्यांना येऊन मिळाला. कोणती वस्तू कोणत्या सर्व्हरवर ठेवावी, आणि एखादा सर्व्हर गळाला किंवा नवा आला तरी सारी मांडणी कशी विसकटूं नये, याची एक रीत या दोघांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केली. १९९८ सालीं त्यांतून अकामाई ही कंपनी निघाली. ११ सप्टेंबर २००१ रोजीं न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळविण्यांत आलेल्या पहिल्या विमानांत लुइन होता. वार्तेसाठीं वृत्तसंस्थांच्या दारांवर त्या दिवशीं जी अलोट गर्दी लोटली, तिचा मोठा भार त्यानेंच उभारलेल्या जाळ्यानें वाहिला.

सीडीएन पुढें ठेवण्याचा पहिला लाभ अंतराचा. काचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें २ लक्ष किलोमीटर धांवतो. मुंबई ते लंडन हें अंतर सुमारें ७२०० किलोमीटर; म्हणजे जाऊन येऊन एका फेरीला निदान ७२ मिलिसेकंद लागतात. सुरक्षित जोडणीसाठीं एक फेरी ओळखीची, दुसरी गुप्त किल्ल्या ठरविण्याची, आणि तिसरी प्रत्यक्ष वस्तूची. सारे मिळून २१६ मिलिसेकंद झाले, आणि लंडनच्या लोड बॅलन्सरनें आपलें काम शून्य वेळांत केलें तरी त्यांतील एकहि कमी होत नाहीं. सीडीएन पुढें असलें, म्हणजे पहिल्या दोन फेऱ्या मुंबईतल्या मुंबईंत उरकतात. वस्तू तेथील सांठ्यांत असेल तर तिसरीहि तेथेंच संपते. नसेल, तर सीडीएन आपल्या आधींच जोडून ठेवलेल्या वाटेनें मूळ सर्व्हरकडे जातें. तीन लांब फेऱ्यांची एकच होते. क्रम उलटा करून लोड बॅलन्सर पुढें ठेवला, तर प्रत्येक ग्राहकाला आधीं लंडनच्या वेशीपर्यंत जावें लागेल, व मग जवळच्या सांठ्याला अर्थच उरणार नाहीं.

दुसरा लाभ गर्दीचा. त्याचें उत्तम उदाहरण भारतांतच घडलें. ९ व १० जुलै २०१९ रोजीं मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर भारत व न्यूझीलंड यांच्यांत विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. पावसामुळें तो दोन दिवस चालला. मुंबईची हॉटस्टार ही सेवा तो भारतांत दाखवीत होती, आणि एका क्षणीं २ कोटी ५३ लक्ष प्रेक्षक एकाच वेळीं तो तिच्यावर पाहत होते. हें चलच्चित्र कांहीं सेकंदांच्या लहान लहान तुकड्यांनीं पाठविलें जातें, आणि प्रत्येक तुकडा सर्व प्रेक्षकांना सारखाच असतो. म्हणून तो भार सीडीएननें उचलला. कोट्यवधि मागण्या मूळ सर्व्हरांपर्यंत पोंचल्याच नाहींत.

खरी कसोटी पुढें लागली. जिंकावयास २४० धांवा हव्या होत्या. मार्टिन गप्टिलच्या फेकीनें महेंद्रसिंग धोनी ५० धांवांवर धांवबाद झाला, आणि असंख्य प्रेक्षकांनीं निराश होऊन सामना सोडला. भारत १८ धांवांनीं हरला. बाहेरून पाहणाराला वाटेल कीं, प्रेक्षक गेले म्हणजे भार हलका झाला. घडलें तें उलट. सामना सोडतांना प्रेक्षक मागें जाण्याची कळ दाबतो व सेवेच्या पहिल्या पानावर येतो. आणि तें पान प्रत्येकाच्या आवडीनुसार निराळें तयार होत असल्यामुळें त्याची मागणी थेट मूळ सर्व्हरांकडे जाते. हॉटस्टारच्या अभियंत्यांनीं पुढें जाहीर व्याख्यानांत या क्षणाचें महत्त्व समजावून सांगितलें. अशा वेळीं नवे सर्व्हर उभे करण्यास सवड नसते. म्हणून त्यांनीं ते आधींच सज्ज ठेवले होते. सर्वांना सारखें असेल तें वेशीवर द्यावें, आणि ज्याचें त्याला निराळें द्यावयाचें त्यासाठींच आंतील यंत्रणेची शक्ति राखावी, हा क्रमाचा खरा अर्थ या एका प्रसंगानें स्पष्ट होतो.

तिसरा लाभ संरक्षणाचा. शत्रु हजारों यंत्रांकडून खोट्या मागण्यांचा पूर सोडतो, तेव्हां एका ठिकाणचा लोड बॅलन्सर त्यांत बुडतो. अनेक शहरांत पसरलेलें जाळें तो पूर विभागून घेतें व बराचसा तेथेंच जिरवितें. मात्र पुढचा दरवाजा भक्कम करून मागचा उघडा ठेवण्यांत हांशील नाहीं. लोड बॅलन्सरनें फक्त सीडीएनकडून आलेल्या मागण्याच स्वीकाराव्या, अन्यथा त्याचा पत्ता हातीं लागलेला शत्रु जाळ्याला वळसा घालून थेट आंत येईल.

लाभ सांगितले, तसे धोकेहि सांगितले पाहिजेत. २५ डिसेंबर २०१५ रोजीं स्टीम या खेळविक्रीच्या सेवेवर हल्ला चालू असतां, प्रती ठेवण्याचे नियम घाईनें बदलण्यांत आले व ते चुकले. परिणामीं एका ग्राहकाचें खासगी पान दुसऱ्याला दिसूं लागलें. सुमारें ३४ हजार ग्राहकांच्या माहितीला त्याची झळ लागली. नाममुद्रा देऊन आंत आलेल्या ग्राहकाचें पान वेशीवर सांठवावयाचें नाहीं, हा नियम शांततेच्या काळींच लिहून व तपासून ठेवावा लागतो. संकटाच्या घाईंत तो आठवत नाहीं.

दुसरा धोका परावलंबनाचा. ८ जून २०२१ रोजीं फास्टली या सीडीएनमधील एक सुप्त दोष एका ग्राहकाच्या साध्या बदलानें जागा झाला, आणि जगांतील कित्येक मोठीं वृत्तपत्रें व ब्रिटिश सरकारचें संकेतस्थळहि एकदम अदृश्य झालें. ४९ मिनिटांत जाळ्याचा शेंकडा ९५ भाग सुरळीत झाला हें खरें. पण त्या वेळांत मागील लोड बॅलन्सर व सर्व्हर धडधाकट असूनहि निरुपयोगी होते. यासाठींच मोठ्या संस्था एकाहून अधिक जाळ्यांशीं करार ठेवतात.

तिसरी गोष्ट लहान, पण नडणारी. सीडीएन पुढें आलें, म्हणजे लोड बॅलन्सरला दिसणारा पत्ता ग्राहकाचा नसतो, सीडीएनचा असतो. पत्ता पाहून ग्राहकाला नेहमींच्या सर्व्हरकडे धाडण्याची जुनी रीत असेल, तर हजारों ग्राहक एकच समजले जाऊन एकाच सर्व्हरवर कोसळतात. खरा पत्ता सीडीएन मागणीच्या मथळ्यांत लिहून पाठवितें. तो तेथून वाचण्याची व्यवस्था आधीं करावी.

तेव्हां सीडीएन पुढें व लोड बॅलन्सर मागें, हा क्रम योग्यच आहे. परंतु नुसतें जाळें विकत घेतल्यानें त्याचा लाभ पदरांत पडत नाहीं. आपल्याकडील कोणती वस्तू सर्वांना सारखी, कोणती एकट्याची, आणि कोणती किती वेळ जुनी झाली तरी चालेल, याची यादी संस्थेनें स्वतः बसून केली पाहिजे. ती यादी नीट केली असेल, तर वेशीवर कोटी लोक येऊन गेले तरी आंतल्या कारभाराला त्याची झळ लागत नाहीं. आणि ती केली नसेल, तर पुढें कोणतेंहि यंत्र बसविलें तरी पहिल्या मोठ्या गर्दींत त्याची उणीव उघडी पडते.