भूल देणाऱ्यांचा संघ



आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण गिरणीच्या खात्यात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तरीही आज डॉक्टरांच्या एका लहानशा जमातीविषयी बोलावेसे वाटते. ती म्हणजे इंग्लंडातील भूल देणारे डॉक्टर. संघ कशासाठी असतो, याचा धडा त्यांच्यापाशी आहे.

रोगी शल्यविशारदाचे नाव जन्मभर सांगतो. भूल देणाऱ्याचा चेहराही त्याला आठवत नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात यांतले पुष्कळजण एरवी साधा दवाखाना चालवीत आणि शल्यविशारदाने बोलावले म्हणजे भूल द्यायला जात. आता ज्याचे उद्याचे काम दुसऱ्याच्या मर्जीवर, तो आज त्यालाच "थांबा, नाडी बिघडते आहे" असे कोणत्या तोंडाने सांगणार? बदली कामगाराला हे समजावून सांगावे लागत नाही.

१९३२ साली बर्मिंगहॅमचे डॉ. हेन्री फेदरस्टोन यांच्या पुढाकाराने त्यांचा संघ निघाला. १९३५ साली स्वतंत्र परीक्षा सुरू झाली. १९४८ च्या जुलैत राष्ट्रीय आरोग्यसेवा आली, तेव्हा भूलतज्ज्ञालाही शल्यविशारदाच्या बरोबरीचा दर्जा मिळाला.

इथवर सारे आमच्याच धंद्यातले झाले. खरी गोष्ट पुढे आहे. त्याच संघाने आपल्या लोकांना सांगितले की, भूल दिलेला रोगी दगावला तर हकीकत लिहून कळवा. नाव गुप्त राहील. १९५६ साली अशा १००० मृत्यूंचा अहवाल छापून निघाला. पोटातले अन्न उलटून श्वासनलिकेत जाणे हे एक मोठे कारण त्यात दिसले. पुष्कळ ठिकाणी नेहमीची काळजी घेतली गेली नव्हती, हेही त्यांनी लपविले नाही.

लहान धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. तिथे एक तर भाऊबंदकी माजते, नाही तर "तेरी भी चूप, मेरी भी चूप" यालाच बंधुभाव म्हणण्याची खोड लागते. या डॉक्टरांनी तिसरी वाट काढली. चुकणाऱ्याला चव्हाट्यावर आणले नाही, पण चूक मात्र सर्वांपुढे मांडली. मेलेल्याच्या घरच्यांना यातून काय मिळाले, असे कोणी विचारील. तो प्रश्न रास्त आहे आणि तो उरतोच. पण पुढच्या रोग्यासाठी सावध होण्याची सोय तरी झाली.

संघाने माणसाच्या पाठीशी उभे राहावे, चुकीला पाठीशी घालू नये. पगाराचा हिशेब मागणाऱ्या प्रत्येक संघाने हा दुसरा हिशेबही आपण होऊन मांडावा, एवढेच आमचे सांगणे आहे.