यंत्र बिघडले असे म्हणण्यापूर्वी

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





अशा मेळाव्यात वक्ता सहसा इल्मचे महत्त्व सांगतो. ते तुम्हांला पटलेले आहे, नाहीतर रविवारची दुपार सोडून तुम्ही येथे आला नसता. म्हणून आज मी एका लहानशा, परंतु घरोघरी त्रास देणाऱ्या गोष्टीबद्दल बोलणार आहे. टॅब्लेटवरचा ब्राउझर पुन्हापुन्हा आपोआप बंद पडतो, त्याचे काय करावे? विषय किरकोळ वाटेल. परंतु शिष्यवृत्तीचा अर्ज, अकरावीचा प्रवेश, परीक्षेचा निकाल या सर्वांची वाट आज ब्राउझरमधून जाते. ती वाट बंद झाली तर नुकसान मुलांचे होते.

प्रसंग असा डोळ्यांपुढे आणा. मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरीत आहे. अर्ध्या तासाचे टंकलेखन झाले आहे. आता उत्पन्नाचा दाखला जोडायचा म्हणून ती अर्जातूनच कॅमेरा उघडते, फोटो काढते आणि परत येते, तो ब्राउझर नाहीसा! पुन्हा उघडावा तर अर्ज कोरा. असे तीनदा झाले की घरात निकाल लागतो. वडील म्हणतात, "गेम खेळून बिघडवला." दादी म्हणते, "नजर लागली." दुकानदार म्हणतो, "हा गेला, नवा घ्या." मग टॅब्लेट कपाटात जातो आणि घरात एकच मोबाइल उरतो. तो आधी कोणाच्या हाती जातो, भावाच्या की बहिणीच्या? याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यावे. म्हणून मी म्हणतो, ही केवळ यंत्राची गोष्ट नाही.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. आपण यंत्रालाही 'टॅब' म्हणतो आणि ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानालाही 'टॅब' म्हणतात. मी यंत्राला टॅब्लेट म्हणेन आणि पानाला पान.

आता बिघाडाचे कारण पाहू. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर तयार केला, तेव्हा त्याचे मुख्य काम मजकुराची पाने दाखविणे हे होते. आजचे पान म्हणजे नुसता मजकूर नव्हे. त्यात चित्रे, व्हिडिओ, जाहिराती आणि हिशेब करणारे प्रोग्राम असतात. हे सारे ओझे उचलण्यासाठी टॅब्लेटला रॅम लागते. रॅम आणि स्टोरेज या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे ध्यानात घ्या. स्टोरेज म्हणजे पुस्तकांचे कपाट, रॅम म्हणजे अभ्यासाचे मेज. कपाट कितीही मोठे असले तरी मेजावर जेवढी पुस्तके मावतील, तेवढीच एका वेळी उघडता येतात. स्वस्त टॅब्लेटमध्ये रॅम पुष्कळदा २ किंवा ३ जीबी असते आणि तिचा मोठा भाग टॅब्लेटची स्वतःची व्यवस्थाच व्यापून टाकते. मेज भरले की अँड्रॉइड काय करते? मागे राहिलेले काम न विचारता बंद करते. हा बिघाड नाही, ती त्याची ठरलेली रीत आहे.

आपल्या मुलीच्या अर्जाचे कोडे आता सुटते. कॅमेरा उघडला तेव्हा ब्राउझर मागे गेला, कॅमेऱ्याला जागा हवी होती म्हणून ब्राउझर बंद केला गेला आणि अर्ज पुसला गेला. फोटोचाही हिशेब करून पाहा. ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. कपाटात तो ३-४ एमबीचा असतो. परंतु पडद्यावर उलगडताना प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट लागतात, म्हणजे सुमारे ४८ एमबी. अशी चार-पाच कागदपत्रे एकाच पानावर उघडली तर लहान टॅब्लेटला ती पेलत नाहीत. यावर उपाय फुकटाचा आहे. सर्व कागदपत्रांचे फोटो आदल्या दिवशी काढा, कडा कापून त्यांचा आकार लहान करा आणि अर्ज भरताना कॅमेरा न उघडता गॅलरीतून निवडा. अर्जातली माहिती आधी वहीत लिहून ठेवा. मसुदा जतन करण्याचे बटण असेल तर ते दर टप्प्याला दाबा आणि अर्जाचा क्रमांक वहीत टिपून ठेवा.

दुसरे कारण प्रोग्राममधील चूक. मार्च २०२१ मध्ये जगभरच्या असंख्य अँड्रॉइड यंत्रांवर जीमेलसह अनेक ॲप उघडताच बंद पडू लागली. दोष त्या ॲपचा नव्हता आणि मोबाइलचाही नव्हता. 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू' नावाचा एक घटक आहे. ॲपच्या आत वेबपान दाखविण्याचे काम तो करतो. त्याच्या नव्या आवृत्तीत चूक राहिली होती. गूगलने दुरुस्त आवृत्ती प्ले स्टोअरवर ठेवली, ती घेताच यंत्रे पूर्ववत चालू लागली. मधल्या काळात ज्याने घाईने सारे पुसून टाकले असेल, त्याचे फोटो आणि टिपणे विनाकारण गेली असतील. थोडा धीर आणि थोडी चौकशी यांची किंमत येथे कळते.

तिसरे कारण वय. क्रोमच्या नव्या आवृत्त्या अँड्रॉइड ७ ला २०२३ च्या अखेरीपासून मिळत नाहीत आणि अँड्रॉइड ८ व ९ ला २०२५ पासून मिळत नाहीत. संकेतस्थळे मात्र नव्या ब्राउझरसाठी लिहिली जातात. तुमचा टॅब्लेट कोणत्या अँड्रॉइडचा आहे ते सेटिंग्जमध्ये 'अबाउट टॅब्लेट' येथे लिहिलेले असते. तो फार जुना असेल तर पैशांचे आणि सरकारी अर्जांचे काम त्यावर करू नका. उतरवून घेतलेली पाठ्यपुस्तके वाचण्यास तो अजूनही उपयोगी आहे.

आता उपायांचा क्रम सांगतो. विद्यार्थ्यांनी तो लिहून घ्यावा. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग तपासायचे. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. हकीम तरी एकाच दिवशी पाच औषधे देऊन नाडी पाहतो का?

पहिली पायरी निरीक्षणाची. एकच संकेतस्थळ उघडले की बंद पडते, की कोणतेही? फक्त ब्राउझर बंद पडतो, की इतर ॲपही? क्रोममध्ये कधी कधी केवळ पान कोसळते आणि दुःखी चेहऱ्याचे चित्र दिसते, तर कधी संपूर्ण ब्राउझर नाहीसा होतो. यांपैकी काय झाले, कधी झाले, त्या वेळी काय चालू होते, हे तारखेसह वहीत लिहा. एकाच संकेतस्थळावर तक्रार असेल आणि दुसऱ्या कोणाच्या यंत्रावरही तसेच होत असेल, तर दोष तुमच्या टॅब्लेटचा नसण्याचा संभव मोठा आहे.

दुसरी पायरी, ब्राउझरमधील अनावश्यक पाने आणि मागे चालू असलेली ॲप बंद करून टॅब्लेट बंद करा आणि पुन्हा सुरू करा. तिसरी, सेटिंग्जमध्ये स्टोरेज पाहा. कपाट गच्च भरले असेल तर नको असलेले व्हिडिओ काढा, निदान १-२ जीबी जागा मोकळी ठेवा. चौथी, प्ले स्टोअरमधून ब्राउझर आणि वेबव्ह्यू अद्ययावत करा. पाचवी, तेच पान इन्कॉग्निटो खिडकीत उघडून पाहा. तेथे नीट चालले तर ब्राउझरने साठविलेल्या जुन्या माहितीत दोष असण्याची शक्यता आहे. मग सेटिंग्ज, ॲप्स, ब्राउझर, स्टोरेज या वाटेने जाऊन 'क्लिअर कॅशे' दाबा. शेजारचे 'क्लिअर स्टोरेज' किंवा 'क्लिअर डेटा' हे बटण निराळे आहे. त्याने जतन केलेले पासवर्ड आणि खुणा जाऊ शकतात. त्या वहीत किंवा खात्यात सुरक्षित असल्याची खात्री झाल्यावरच ते वापरा. सहावी पायरी, फायरफॉक्ससारखा दुसरा ब्राउझर घालून पाहा. आयपॅड असेल तर एक फरक लक्षात ठेवा. आपल्याकडे आयपॅडवरील इतर ब्राउझरही आतून सफारीचेच इंजिन वापरतात, त्यामुळे तेथे ब्राउझर बदलण्यापेक्षा आयपॅडओएस अद्ययावत करण्याचा उपयोग अधिक होतो.

हे सर्व करूनही गुण आला नाही, तरच शेवटचा उपाय, टॅब्लेट पूर्ण पुसून नव्यासारखा करणे. त्यापूर्वी फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्या. आपल्या गूगल खात्याचे नाव आणि पासवर्ड आठवतो का तेही पाहा. पुसल्यानंतर टॅब्लेट तेच जुने खाते विचारू शकतो. खाते दुसऱ्याच कोणी उघडून दिलेले असेल तर कुलूप आपले आणि किल्ली परक्याची, अशी अवस्था होते.

भगिनींना एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. दुरुस्तीला देताना टॅब्लेटमध्ये कुटुंबाचे फोटो, आधार, बँकेचे पासबुक असते. उघडे यंत्र चार दिवस परक्याच्या हाती ठेवू नका. आधी ते सारे काढून घ्या. तसेच एखाद्या पानावर अचानक "तुमच्या टॅब्लेटमध्ये व्हायरस आहे, हे ॲप घ्या, या क्रमांकावर फोन करा" अशी पाटी झळकली तर त्यावर बोट ठेवू नका. तसले पान स्वतःहून तुमचे यंत्र तपासू शकत नाही. ॲप प्ले स्टोअरमधूनच घ्या, ओटीपी कोणालाही सांगू नका आणि फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा.

विद्यार्थी मित्रांनो, वरच्या क्रमात अवघड असे काय आहे? पाहणे, लिहिणे, एकेक गोष्ट बदलणे, पुन्हा पाहणे. प्रयोगशाळेत तुम्ही हेच शिकता. आपल्या घरांत 'तकदीर' हा शब्द फार लवकर उच्चारला जातो, 'तदबीर' हा शब्द फार उशिरा. तवक्कल आपल्या जागी आहेच, परंतु प्रयत्न करावयाचा राहून गेला असेल तर तिला तवक्कल म्हणता येत नाही. आणि पालकांनो, यंत्र बंद पडले की प्रथम मुलाला दोष देऊ नका. दोष दिला की मूल पुढच्या वेळी बिघाड लपविते, आणि लपविलेला बिघाड कळतो तो अर्जाच्या शेवटच्या तारखेला.

शेवटी संस्थेच्या चालकांना माझी एक विनंती आहे. अर्जांच्या हंगामात शाळेच्या एका खोलीत रोज एक तास असा ठेवावा, जेथे मोठ्या वर्गांतील दोन विद्यार्थिनी आणि दोन विद्यार्थी हा क्रम हाती घेऊन इतरांचे टॅब्लेट पाहतील. पैसा लागणार नाही. एक मेज, एक वही आणि शाळेचे इंटरनेट पुरे आहे. मुलींची नावे त्या यादीत आधी घाला, म्हणजे घरातील यंत्रे त्यांच्याही हाती सोपविण्याची आपल्याला सवय लागेल.

अल्लाह आपल्या मुलांच्या इल्ममध्ये बरकत देवो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.