काठी धरायला लाज कसली?



आज या वर्गात आम्हाला चार शब्द बोलायला सांगितले आहे. आम्ही काही डॉक्टर नव्हे. जुने मॅट्रिक. सारा जन्म शाळेत गेला आणि शेवटी हेडमास्तर म्हणून घरी बसलो. पण म्हातारपणी आम्ही एक नवा धडा शिकलो. तोही पुस्तकातून नव्हे, खाटेवर पडून. तो तुम्हाला सांगतो.

पावसाळा संपत आला होता. अंगणात शेवाळ धरले होते. सकाळी पाय सरकला आणि आम्ही कुशीवर पडलो. उठता येईना. शहरातल्या दवाखान्यात नेले. फोटो काढला. खुब्याचे हाड मोडले होते. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, सांधा बदलावा लागेल."

सांधा बदलायचा म्हणजे काय? मांडीच्या हाडाचे वरचे टोक गोल असते. मोठ्या लिंबाएवढे. कमरेच्या हाडात वाटीसारखी खोबण असते. तो गोळा त्या वाटीत फिरतो. म्हणून याला उखळीचा सांधा म्हणतात. हाड मोडले किंवा सांधा झिजला, तर तो काढून नवा बसवतात. १९६२ साली इंग्लंडात जॉन चार्नली नावाच्या डॉक्टरांनी धातूचा गोळा आणि टिकाऊ प्लॅस्टिकची वाटी बसवायला सुरुवात केली. आजचे सांधे त्याच धर्तीवर केलेले आहेत. चांगली निगा राखली तर पुष्कळांचा नवा सांधा वीस वर्षेही टिकतो.

ऑपरेशन झाले. दुसऱ्याच दिवशी आम्हाला वॉकर धरून उभे केले. वॉकर म्हणजे चार पायांची हलकी चौकट. तिला धरून चालायचे. घरी सोडताना डॉक्टरांनी तीन गोष्टी बजावल्या. एक, कमरेत काटकोनापेक्षा जास्त वाकू नका. म्हणजे उकिडवे बसू नका, मांडी घालू नका, खाली पडलेली वस्तू वाकून उचलू नका. दोन, पायावर पाय टाकू नका. तीन, तो पाय आत वळवू नका. तीन महिने हे पाळा, म्हणाले. कारण नवा गोळा वाटीत नीट धरून राहायला भोवतालचे मांस भरून यावे लागते. तोवर पाय वेडावाकडा झाला तर गोळा वाटीतून निसटतो.

आम्ही मान डोलावली. जन्मभर मुलांना "ऐका, ऐका" म्हणत आलो. पण स्वतः ऐकले का? नाही.

तिसऱ्या आठवड्यात एकादशी आली. देवळात कीर्तन होते. आम्ही वॉकर घेऊन गेलो. आत पाहिले तर सारे गाव खाली बसलेले. त्यात आमचे जुने विद्यार्थी. एकाने खुर्ची आणतो म्हटले. आम्हाला लाज वाटली. देवासमोर, चारचौघांत, आम्ही खुर्चीत बसायचे? आम्ही वॉकर बाहेर चपलांपाशी ठेवला. खांबाला धरून खाली बसलो. मांडी घातली. तासाभराने उठायला गेलो, तोच खुब्यात कळ आली. जीव कासावीस झाला. पाय आखूड दिसू लागला. गोळा निसटला होता.

पुन्हा गाडी, पुन्हा दवाखाना. गुंगी देऊन डॉक्टरांनी सांधा ओढून बसवला. मुलाला सोयाबीनची काढणी टाकून धावावे लागले. तीन आठवड्यांत जे कमावले ते एका मांडीने घालवले. घरी आल्यावर आमच्या मंडळींनी एकच विचारले, "अहो, चष्मा लावताना लाज वाटली नाही, मग वॉकरची कसली वाटते?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

मग आम्ही घर बदलले. त्याला फार पैसे लागत नाहीत. थोडा विचार लागतो. कसे ते ऐका.

खाट : बाज सैल असते. मध्ये खोल जाते. तिच्यावर निजू नये. लाकडी पलंग घ्यावा. तो ठेंगणा असेल तर सुताराकडून खोबण पाडलेले लाकडी ठोकळे करून पायांखाली ठेवावेत. विटा ठेवू नयेत, त्या सरकतात. निजताना दोन्ही पायांच्या मध्ये उशी ठेवावी. म्हणजे झोपेत पायावर पाय पडत नाही.

खुर्ची : उंच, जड आणि हात असलेली हवी. बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा खाली राहिले पाहिजेत. बसताना पाठीमागे सरकत जावे. खुर्ची पोटऱ्यांना लागली की दुखरा पाय पुढे करावा. खुर्चीचे हात धरावेत आणि सावकाश टेकावे. उठतानाही तसेच.

संडास : उकिडवे बसायचे नाही, मग करायचे काय? कमोडची खुर्ची मिळते. आमच्या सुताराने जुन्या खुर्चीला मध्ये भोक पाडून दिले. ती भांड्यावर पक्की ठेवली. भिंतीला धरायला लोखंडी दांडी ठोकली.

मोरी : जखम भिजवायची परवानगी मिळाल्यावरच अंघोळ करावी. अंघोळीला उंच स्टुलावर बसावे. बादलीही दुसऱ्या स्टुलावर ठेवावी. बादली खाली असली की माणूस वाकलाच म्हणून समजा. शेवाळ रोज घासून काढावे.

कपडे : दुखरा पाय आधी घालावा आणि शेवटी काढावा. बांबूच्या काठीला आकडी लावून घ्यावी. तिने विजार वर ओढता येते, खाली पडलेला टॉवेल उचलता येतो. चपला मागून पट्टा असलेल्या असाव्यात.

वाट : दारातली गोधडी, सुतळी, पोती उचलून ठेवावीत. कोंबड्या आणि कुत्रे पायात येतात, त्यांना आवरावे. रात्री उशाशी बॅटरी ठेवावी. वीज कधी जाईल सांगता येत नाही.

वॉकर : दोन्ही हात त्याला धरलेले असतात. मग पाण्याचा तांब्या कसा न्यायचा? वॉकरला पुढे कापडी पिशवी बांधावी. तीत झाकणाची बाटली, चष्मा, फोन ठेवावा. पायांची रबरी बुचे झिजली तर लगेच बदलावीत. वळताना पायावर गिरकी घेऊ नये. लहान लहान पावले टाकत वळावे.

काठी : डॉक्टर सांगतील तेव्हा वॉकर सोडून काठी घ्यावी. ती धड पायाच्या बाजूच्या हातात धरावी. पुष्कळ लोक उलटे करतात. हात सरळ सोडून उभे राहिले की काठीची मूठ मनगटाशी आली पाहिजे. पायऱ्यांचा नियम पाठ करा : चढताना धड पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

व्यायाम : निजल्या निजल्या पावले वरखाली करावीत. मांडी आवळून सैल सोडावी. दिवसातून पुष्कळदा थोडे थोडे चालावे. एकदाच फार चालून दमू नये.

आता एक महत्त्वाचे. आपल्याकडे पाय दुखला की तेल लावून रगडतात. या ऑपरेशननंतर पोटरी रगडू नका. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असेल, तर ती सुटून फुप्फुसात जाते. माणूस दगावू शकतो. रक्त पातळ ठेवण्याची औषधे दिली असतील तर एकही दिवस चुकवू नका.

आणि या खुणा दिसल्या तर सकाळची वाट पाहू नका, डॉक्टरांकडे जा. पोटरी सुजली, दुखू लागली. छातीत कळ आली, दम लागला. ताप आला. जखम लाल झाली, पाणी किंवा पू येऊ लागला. खुब्यात एकाएकी कळ येऊन पाय टेकेनासा झाला.

आमचे सांगणे सर्वांना सारखे लागू पडेल असे नाही. कोणाला सहा आठवडे जपावे लागते, कोणाला बारा. पायावर किती भार द्यायचा, खाली बसायचे की नाही, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. खर्च सरकारी योजनेत बसतो का, याची दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे आधीच चौकशी करावी.

पुढच्या एकादशीला आम्ही पुन्हा देवळात गेलो. या वेळी वॉकर आत नेला आणि खुर्ची मागितली. मागे भिंतीशी बसलो. कोणी हसले नाही. थोड्या वेळाने एक म्हातारी दाराशी आली. तिचे गुडघे गेलेले. खाली बसता येत नाही म्हणून दोन वर्षे ती देवळात आली नव्हती. ती म्हणाली, "मास्तर, मला बी एक खुर्ची मिळंल का?" आता आमच्या देवळात मागच्या भिंतीशी पाच खुर्च्या असतात. एकही रिकामी नसते.

मंडळी, तुम्ही चाळिशी-पन्नाशीत पाटी हाती धरलीत. लोक काय म्हणतील, याची पर्वा केली नाहीत. म्हणून आज हे वाचता आहात. आम्ही साऱ्या गावाला शिकवले, पण ही गोष्ट आम्ही तुमच्याकडून शिकलो. गरज पडेल तेव्हा पाटी धरावी, तशीच गरज पडेल तेव्हा काठी धरावी.

रामराम.