आपल्याला झेपेल ती सेवा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आठ दिवसांपूर्वी चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे." मी म्हटले, "अहो, मला भाषण कुठे करता येते?" त्यावर त्या म्हणाल्या, "भाषण नकोच. समाजसेवा कशी करावी, एवढेच चार शब्दांत सांगा." म्हणजे भाषणापेक्षाही अवघड काम त्यांनी माझ्या गळ्यात घातले! कारण सेवा कशी करावी यापेक्षा ती कशी करू नये, हेच मला अधिक ठाऊक आहे. तेव्हा आज मी माझ्या चुकाच तुमच्यापुढे मांडणार आहे. त्यांतून कोणाला काही घेण्याजोगे सापडले, तर या चुका वाया गेल्या नाहीत असे मी समजेन.

आपण बायका घराबाहेरचे एखादे काम करावयास निघालो, की एक वाक्य हटकून कानी पडते. "झाले! निघाल्या लष्कराच्या भाकऱ्या भाजायला!" पूर्वी या म्हणीचा मला राग येत असे. आता वाटते, म्हण करणाऱ्याने खोटे काही सांगितलेले नाही. लष्कराच्या भाकऱ्या भाजणारीला ठाऊक नसते की भाकरी कोण खाणार, किती लागणार आणि खाणाऱ्याला भूक तरी आहे की नाही. ती आपली थापीत सुटते, आणि पाठ दुखू लागली की परात बाजूला सारते. दोष भाकरी भाजण्यात नाही. खाणाऱ्याचे तोंड न पाहता भाजण्यात आहे.

माझी पहिली चूक अशीच होती. काही वर्षांपूर्वी संक्रांतीच्या सुमारास आम्ही सहा-सात जणींनी घरोघरच्या चांगल्या साड्या गोळा केल्या, धुऊन इस्त्री केल्या आणि तिळगुळासह एका वृद्धाश्रमात नेऊन वाटल्या. फोटो काढले. सर्वांना फार बरे वाटले. शेवटच्या खाटेवर एक आजी बसल्या होत्या. त्यांनी साडी घेतली, उशाशी असलेल्या ढिगावर ठेवली आणि माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "बाई, लुगडी पुष्कळ झाली हो. वेळ असेल तर माझी नखे काढून द्याल का? मला दिसत नाही, आणि इथल्या मुलीला सवड होत नाही."

भगिनींनो, आमच्या पिशव्यांत सर्व काही होते. नेलकटर मात्र नव्हते. "पुढच्या वेळी नक्की आणते," असे सांगून मी निघाले. पुढची वेळ उजाडायला तीन महिने लागले, आणि मी गेले तेव्हा ती खाट रिकामी होती. त्यानंतर कितीही साड्या वाटल्या असत्या, तरी ती नखे काही निघणार नव्हती.

दुसरी चूक याहून मोठी. आपल्याकडे घरकामाला येणाऱ्या बायकांसाठी आम्ही साक्षरतेचा वर्ग काढला. उत्साह दांडगा होता. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या सात वर्षांवरील दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे चोवीस जणी निरक्षर होत्या, हे मी सभेत मोठ्या तावातावाने सांगितले आणि आठवड्यातून पाच दिवस, दुपारी दोन ते तीन, अशी वेळ जाहीर केली. शिकवायला बारा जणी तयार झाल्या. श्रावण बरा गेला. गणपतीत पाहुणे आले, नवरात्रात उपास आले, दिवाळीत फराळ आला. दिवाळीनंतर बारांपैकी तिघी उरल्या, आणि त्या तिघींत, सांगायला लाज वाटते, मी नव्हते.

एके दिवशी मंडईत त्या वर्गातली एक बाई भेटली. मी उगीच इकडचे तिकडचे बोलू लागले. ती म्हणाली, "बाई, माझं नाव अर्धंच राहिलं की!" तिला नावाची पहिली दोनच अक्षरे लिहिता येऊ लागली होती. वर्गाला येता यावे म्हणून तिने दुपारचे एक काम सोडले होते, आणि वर्ग बंद झाल्यावर ते काम तिला परत मिळाले नव्हते. आमचा गेला तो फक्त उत्साह. तिचा मात्र महिन्याचा पगार गेला. हे तिने रागाने सांगितले असते, तर मला सोसले असते. तिने ते हसत सांगितले.

त्या रात्री मला झोप आली नाही. अर्धवट सोडलेली सेवा ही न केलेल्या सेवेपेक्षा वाईट, हे मला तेव्हा कळले.

आपण अशा वेळी थोर स्त्रियांची नावे घेतो. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुल्यांनी देह ठेवला. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली गेल्यावर रमाबाईंनी स्वतःला लोककार्याला वाहून घेतले आणि १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले. हिंगण्याच्या आश्रमासाठी पार्वतीबाई आठवले वर्गणी मागत गावोगाव हिंडल्या, पुढे थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. ही नावे घेऊन आपण हात जोडतो आणि मनात म्हणतो, आपल्याच्याने हे कुठले व्हायला! हात जोडले की हात मोकळे. परंतु सावित्रीबाई प्लेगपासून सुरू झाल्या नव्हत्या. त्याआधी जवळजवळ पन्नास वर्षे, १८४८ पासून, त्या शिकवीत आल्या होत्या. आणि पार्वतीबाई स्वतः लिहावयास शिकल्या त्या वैधव्यानंतर, मोठ्या वयात. थोरपणाचे मला सांगता येत नाही. रोज उठून तेच काम पुन्हा करण्याची सवय मात्र आपल्या आवाक्यातली आहे. स्वयंपाकघरात आपण दुसरे काय करतो?

मग मी त्या बाईच्या घरी गेले. या खेपेस मी काही जाहीर केले नाही. फक्त विचारले, "तुला काय काय वाचता यायला हवे?" ती म्हणाली, "बशीची पाटी, रेशनची पावती आणि माझी सही." मी ज्ञानाच्या गोष्टी करीत होते, आणि तिला एस. टी. ची पाटी हवी होती! ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी २०१६ च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली, हे तुम्ही वाचले असेल. साठी उलटलेल्या आजी गुलाबी साड्या नेसून, दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. त्यांनाही पोथी आपली आपण वाचता यावी, अशी हौस होती. शिकणारीची हौस कळली की शिकविणारीचे अर्धे काम होते.

आम्ही मंगळवार ठरविला. आठवड्यातून एकच दिवस, तिच्याच ओट्यावर, तिचे काम आटोपल्यावर. पाच दिवसांच्या वर्गाने जे झाले नाही ते एका मंगळवाराने वर्षभरात केले. परवा तिने बँकेत अंगठ्याऐवजी सही केली. वेलांटी चुकली होती. मी काही बोलले नाही.

आता आपल्याच आळीतली एक गोष्ट. नोव्हेंबर महिना आला, की निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे तुम्हांला ठाऊक आहेच. २०१४ पासून हा दाखला बोटाच्या ठशावर मिळण्याची सोय झाली. पण जन्मभर भांडी घासलेल्या आणि जाते ओढलेल्या बोटांवर ठसे राहतात कुठे? आमच्या शेजारच्या आजींना मी बँकेत घेऊन गेले. यंत्राने त्यांचे बोट तीनदा नाकारले. आजी मला म्हणाल्या, "म्हणजे मी जिवंत नाही का ग?" सगळी बँक हसली, त्याही हसल्या. पण परत येताना रिक्षात त्यांनी डोळे पुसले. मला मागाहून कळले, की २०२१ पासून चेहऱ्यावरूनही दाखला करता येतो, तोही घरबसल्या, मोबाईलवर. आणि थोडे शुल्क दिले तर पोस्टमनही घरी येऊन हे काम करून देतात. केंद्र सरकारचे निवृत्तिवेतन घेणाऱ्या ऐंशी वर्षांवरील मंडळींना नोव्हेंबरची वाटही पाहावी लागत नाही. त्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो.

गेल्या वर्षी आम्ही दोघींनी आळीतल्या नऊ घरी हे काम केले. एकेका घरी अर्धा तास लागला. पण एक नियम कटाक्षाने पाळला. दोघींनी मिळूनच जायचे, घरच्या माणसासमोर काम करायचे, आणि दुसऱ्याच्या पासबुकाला, पैशाला किंवा मोबाईलवर येणाऱ्या गुप्त आकड्याला हात लावायचा नाही. सेवेत विश्वास हेच भांडवल. ते एकदा बुडाले, की सर्व मंडळाचे बुडते.

"मला काही येत नाही," असे म्हणणाऱ्या भगिनी प्रत्येक सभेत भेटतात. आपल्यातल्याच एक, नाव घेतले तर रागावतील, नेहमी मागच्या सतरंजीवर बसतात. त्यांचे शिक्षण बेताचे, पण चातुर्मासात पोथी वाचतात तेव्हा शेवटच्या बाईला शब्द न् शब्द ऐकू जातो. इथल्या महाविद्यालयात एक दृष्टिहीन मुलगी शिकते. तिला धडे वाचून दाखवायला कोणी तरी हवे होते. या बाई आता रोज दुपारी चार वाजता मोबाईलवर एक धडा वाचून ठेवतात. मुलगी तो रात्री ऐकते. "आजी, तो तारखांचा भाग थोडा सावकाश वाचा," असा तिचा निरोपही येतो. बाई म्हणतात, "साठ वर्षांची झाले, आता इतिहास शिकते आहे!"

अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक लागतो. लेखनिकाचे शिक्षण किती असावे, याचे परीक्षा घेणाऱ्यांचे नियम असतात. ते आधी विचारून घ्यावेत. पुष्कळदा खालच्या वर्गातली मुलगी चालते. तेव्हा हे काम आपल्या मुलींना आणि नातींना सांगण्याजोगे आहे. मात्र लेखनिकाला एक कठीण व्रत पाळावे लागते. विद्यार्थी सांगेल तेच आणि तेवढेच लिहायचे. उत्तर चुकते आहे हे दिसत असूनही हात आवरायचा. आपली हुशारी घरी ठेवून जायचे. मला तर वाटते, हे व्रत सर्वच सेवेला लागू आहे.

रक्तदानाविषयी एकच सांगते. वजन पंचेचाळीस किलोच्या वर, रक्तातले हिमोग्लोबिन निदान साडेबारा ग्रॅम, आणि दोन दानांत बायकांना चार महिन्यांचे अंतर, असे नियम आहेत. शिबिरातून आपल्यापैकी कित्येक जणी हिमोग्लोबिन कमी म्हणून परत येतात आणि खट्टू होतात. खट्टू होऊ नका. आपल्याच अंगात रक्त कमी आहे हे कळले, हाही लाभच झाला. आधी डॉक्टरांना दाखवा आणि स्वतःचे ताट नीट वाढून घ्या. दान मागाहून.

आता चुकांतून जे मला कळले ते सांगून संपविते. काम आपण ठरवू नये, ज्याला गरज आहे त्याला विचारावे. वेळ कबूल करताना आपल्याला जमेल असे वाटते त्याच्या निम्माच कबूल करावा, पण तेवढा पाळावा, आणि न जमल्यास आदल्या दिवशी निरोप द्यावा. एकटीने काम घेऊ नये, जोडीने घ्यावे. एकीकडे पाहुणे आले तर दुसरी जाईल. आणि जे काम आपल्या हाताला आधीच येते, मग ते वाचणे असो, शिवणे असो, हिशेब असो की नुसते जवळ बसणे असो, तेच आधी द्यावे.

यातून मिळते काय, असे कोणी विचारील. मान म्हणाल तर फारसा नाही. आभारही नेहमी मिळतात असे नाही, आणि त्यांची वाट पाहूही नये. पण मुले मोठी होऊन पांगली आणि घर शांत झाले, की कोणी आपली वाट पाहात नाही, याचे दुःख आपल्यातल्या पुष्कळ जणी मुकाट्याने सोसतात. मला माझ्या मंगळवाराने ते दुःख विसरायला लावले. ओट्यावर एक बाई पाटी घेऊन बसलेली असते. मला पाच मिनिटे उशीर झाला, तर ती रस्त्याकडे पाहात असते.

बाहेर टेबलावर मी एक वही ठेवली आहे. अशा वहीत आपण आजवर नावे लिहीत आलो, आणि नावे वहीतच राहिली. आज नावापुढे वार आणि वेळ लिहा. अर्धा तास असला तरी चालेल. ज्यांना तो पाळता येणार नाही असे वाटते, त्यांनी आज लिहू नये, त्यांच्यावर कोणी रागावणार नाही. पहिल्या पानावर मी मंगळवार लिहिला आहे. त्याच्या खाली शुक्रवार, दुपारी तीन, वृद्धाश्रम, असेही लिहिले आहे. त्या कामाला मला जोडीदारीण हवी आहे. नेलकटर मी आणीन.