तळणीच्या तेलाचा साबण

कपड्यांचा साबण घरी केला तर खरंच पैसे वाचतात का? नवं तेल विकत आणून केला, तर नाही. १ किलो सूर्यफूल तेलाला साधारण १३० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, म्हणजे खर्च जवळजवळ सगळा तेलाचाच. १९६९ मध्ये अहमदाबादेत निरमा निघाली आणि स्वस्त पावडर चाळीच्या मोरीपर्यंत पोचली. तिच्या भावाशी नव्या तेलाचा साबण टक्कर देऊ शकत नाही. पण लालबाग-परळच्या घरांत गणपतीत तळणीचे मोदक होतात, दिवाळीत चकल्या-करंज्या होतात आणि कढईत काळपट तेल उरतं. ते पुन्हा पोटात जाऊ नये आणि मोरीत ओतलं तर नळी तुंबते. त्या तेलाचा साबण मात्र नक्की परवडतो. शिवाय मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा, वैतरणा, भातसा या तलावांत साठलेलं पावसाचं पाणी मृदू असतं. बोअरच्या जड पाण्यात साध्या साबणाचा साका होऊन कपड्यांवर बसतो. मुंबईच्या नळाच्या पाण्यात तो त्रास फारसा नाही.

कॉस्टिकची भीती वाटते, आणि ती रास्त आहे. नेहमी पाण्यात कॉस्टिक टाकायचा, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही; द्रावण क्षणात कढत होतं. ॲल्युमिनियमचं पातेलं तो खाऊन टाकतो, म्हणून स्टीलचं घ्यावं. हातमोजे, चष्मा आणि ग्रॅम दाखवणारा काटा हवाच. दहा बाय बाराच्या खोलीत रांगतं मूल असेल तर हा उद्योग तिथे करूच नये. दुसरा आक्षेप वेळेचा. तेल गाळणं, घोटणं, वड्या पाडून महिनाभर सुकवणं, हे सगळं बाईच्या अंगावर टाकून तिचे तास फुकट धरले, तर ती बचत खोटी आहे. म्हणून हे काम मजल्याने मिळून, गच्चीवर करावं असं मला वाटतं. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवरच लिज्जत पापड सुरू केला, आणि त्याच संस्थेने पुढे ससा डिटर्जंटही काढलं. आठ-दहा घरांचं तेल एकत्र आलं की काटा एक, मोजणारी एक आणि धोक्याची वेळही एकदाच. हा साबण वॉशिंग मशीनसाठी नव्हे. कॉलर, बाह्या, पायपुसणी हाताने घासायला वापरावा. पावडर तेवढी कमी लागेल.