सोळाव्या वर्षी मत, पण कुणाला?

युरोपीय संघानं पुढं कसं चालावं, हे थेट सामान्य नागरिकांना विचारण्याचा एक मोठा प्रयोग मे 2021 ते मे 2022 या काळात झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी सोडत काढून 800 नागरिक निवडले गेले. त्यांतले एक तृतीयांश 16 ते 25 वयाचे होते. 24 भाषा, कानाला दुभाष्यांचे हेडफोन आणि समोर स्ट्रासबुर्गच्या युरोपीय संसदेतली खासदारांची बाकं! अखेरीस 49 प्रस्ताव तयार झाले. त्यांतला एक चांगलाच धाडसी होता: एका देशाच्या नकारानं सगळ्यांचं घोडं अडतं, म्हणून बहुतेक निर्णय एकमताऐवजी विशेष बहुमतानं घ्यावेत.

तरुण म्हणजे संघाचे हक्काचे पाठीराखे, असं मात्र कुणी गृहीत धरू नये. 2024 च्या युरोपीय निवडणुकीत जर्मनीत प्रथमच सोळा वर्षांच्या मुलांना मतदान करता आलं. तिथल्या तरुणांची बरीच मतं संघावर कडाडून टीका करणाऱ्या ‘एएफडी’ या पक्षाला गेली. घरभाडं आणि महागाई यांपुढं सीमा खुल्या असण्याचं अप्रूप त्यांना कितीसं वाटणार?

आणि त्या 49 प्रस्तावांचं काय? एकमताची अट काढायची तर मूळ करार बदलावे लागतात. त्यासाठी युरोपीय संसदेनं 2022 मध्येच आग्रह धरला. सदस्य देशांनी तो विषय पुढं नेलेला नाही.